पेटीतली हत्यारे भंगारात देण्यापूर्वी

आपल्या पुष्कळ घरांत एक तरी पत्र्याची किंवा सागवानी पेटी असते. ती माळ्यावर, जिन्याखाली नाहीतर पलंगाखाली सरकवलेली असते. दादा गिरणीत फिटर होते, नाना आगबोटीच्या इंजिनखात्यात होते, अब्बा वीस वर्षे कुवेतच्या गॅरेजात राबले, पेटी त्यांची. आत पाने, कानशी, पटाश्या, एखादा रंधा, दोन-तीन पकडी, आणि सगळ्यांवर गंजाचा थर. पेटीचा मालक अल्लाहला प्यारा होतो. काही महिने जातात, घराला रंग लावायचा निघतो, आणि एके दिवशी भंगारवाला काटा लावून ती पेटी किलोच्या भावाने उचलून नेतो. त्याच घरातला आयटीआयला जाणारा नातू त्याच आठवड्यात बाजारातून चकचकीत, पण मऊ लोखंडाच्या पान्यांचा संच आणतो. चार महिन्यांत त्या पान्यांची तोंडे पसरतात.

हे टाळता येते. त्यासाठी पेटीत नेमके काय आहे ते ओळखता आले पाहिजे. या महिन्यात आम्ही तेवढेच सांगणार आहोत: युरोपात बनलेली जुनी हाती हत्यारे कशी ओळखावी, त्यांवरच्या खुणा कशा वाचाव्या, आणि त्यांतले काय ठेवावे.

ही हत्यारे आपल्याकडे आली ती यंत्रांच्या मागोमाग. मुंबईच्या कापड गिरण्या, रेल्वेचे कारखाने, गोदी, छापखाने या सर्वांची यंत्रे बहुतेक विलायती होती, आणि यंत्राबरोबर त्याचे पानेही आले. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे आपले लोक पिढ्यानपिढ्या जहाजांवर होते. परतताना कुणी घड्याळ आणले, कुणी पान्यांचा संच. जुनी जहाजे दारूखान्यात तुटली तेव्हा त्यांतली हत्यारे मुंबईच्या चोर बाजारात आली. पुढे आखातातून जर्मन आणि फ्रेंच पाने आले. म्हणून कोकणातल्या एखाद्या वाडीत शेफिल्डची पटाशी सापडली तर नवल वाटायला नको.

आधी हात आवरा

गंजलेले हत्यार हाती आले की पहिली इच्छा होते ती पॉलिश पेपरने घासण्याची किंवा ग्राइंडरवर धरण्याची. ते करू नका. कारागिराचे नाव, गावाचे नाव, मापाचा आकडा हे सारे पृष्ठभागावर ठोकलेले असते आणि कधी कधी ते केसाएवढेच खोल असते. घासले की गेले.

हत्यार रात्रभर रॉकेलमध्ये किंवा पातळ तेलात ठेवा. सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने आणि कापडाने पुसा. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च हत्याराला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून पडलेल्या उजेडात न दिसणारी अक्षरे तिरक्या उजेडात उठून दिसतात. तरीही वाचता आली नाहीत तर त्यावर पांढरा खडू फिरवून बोटाने पुसा. खडू खाचेत राहतो. मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून पाहा. लाकडी मूठ आणि रंध्याचे टोकही सोडू नका, नावे तिथेही असतात.

लोखंडाकडे पाहून त्याचे गाव ओळखण्याची विद्या जुनी आहे. नवव्या शतकात अल-किंदी या विद्वानाने खलिफा मुअतसिम यांच्यासाठी तलवारींवर एक ग्रंथच लिहिला. कोणते पोलाद कुठले, यमनी तलवार कोणती आणि हिंदी कोणती, हे पात्यावरून कसे ओळखावे याची त्यात वर्गवारी आहे. पेटीपुढे बसून आपण करणार आहोत ते त्याच जातीचे काम, फक्त वस्तू साध्या आहेत.

शेफिल्ड: ‘कास्ट स्टील’ म्हणजे काय

इंग्लंडमधले शेफिल्ड हे सुऱ्या, पटाश्या, करवती आणि कानशींचे गाव. तिथल्या कारागिरांची संस्था १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली, आणि कुणाची खूण कोणती याची नोंद ती ठेवू लागली. म्हणून शेफिल्डच्या हत्यारावर गावाच्या नावाशिवाय कारागिराचे नाव किंवा चिन्हही सापडते. मार्पल्स, वॉर्ड अँड पेन, स्पिअर अँड जॅक्सन, मोजमापाच्या हत्यारांवर मूर अँड राइट, वाइस आणि रंध्यांवर रेकॉर्ड, ही शेफिल्डची नावे आपल्याकडच्या पेट्यांत निघण्यासारखी आहेत.

जुन्या पटाशीवर किंवा करवतीवर ‘कास्ट स्टील’ असे इंग्रजी शब्द दिसले की लोकांना वाटते, हे बिडाचे, म्हणजे ओतीव आणि ठिसूळ. नेमके उलटे आहे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगसाठी एकसारखे पोलाद हवे होते. त्याने पोलाद मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतले, त्यामुळे त्यातला मळ निघून गेला आणि पोलाद सगळीकडून सारखे झाले. मग त्याच्या लगडी तापवून, ठोकून हत्यारे घडवत. ‘कास्ट स्टील’ हा शिक्का म्हणजे त्या मुशीतल्या पोलादाची हमी होती. असे हत्यार बहुधा शंभर वर्षांहून जुने असते आणि नीट धार लावली तर आजही सरस चालते. जुन्या पटाशीच्या कडेला बारकाईने पाहिले तर कधी एक फिकट रेघ दिसते. वर लोखंड आणि खाली पोलादाची पातळ पट्टी, दोन्ही भट्टीत जोडलेली. महाग पोलाद धारेपुरते वापरायचे आणि अंग साध्या लोखंडाचे ठेवायचे, अशी ती काटकसर होती.

काही इंग्रजी हत्यारांवर तीन रेघांचा, कोंबडीच्या पावलासारखा बाण असतो. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. लष्करी किंवा सरकारी साठ्यातून विकलेले हत्यार पुढे बाजारात येई, आणि तिथून ते तुमच्या पेटीत.

पान्यावरचा आकडा आणि तोंडाचे माप

इंग्रजी पाने ओळखताना सर्वांत जास्त घोटाळा मापाचा होतो. पान्यावर ‘३/८ डब्ल्यू’ असे आहे. ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. पण पान्याचे तोंड मोजले तर भरते १८ मिलिमीटर. अनेक जण समजतात, पाना खराब आहे किंवा तोंड पसरले आहे, आणि भंगारात टाकतात.

पाना ठीक आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली आट्यांचे एक माप सुचवले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा असे. व्हिटवर्थ मापात पान्यावरचा आकडा नटाच्या बाहेरच्या मापाचा नसून बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा असतो. ३/८ इंच जाड बोल्टच्या नटाची रुंदी ०.७१ इंच, म्हणजे १८ मिलिमीटर. काही पान्यांच्या त्याच तोंडावर ‘७/१६ बीएसएफ’ असेही लिहिलेले असते. ते बारीक आट्यांच्या बोल्टचे माप, ज्याचे मानक १९०८ साली आले. ‘ए.एफ.’ ही अक्षरे असतील तर आकडा खरोखर तोंडाच्या रुंदीचा, इंचात. आणि नुसता १७, १९, २२ असा आकडा असेल तर तोंडाची रुंदी मिलिमीटरमध्ये.

हे नुसते शौकाचे ज्ञान नाही. भिवंडी-मालेगावात विलायती घडणीच्या जुन्या मागांवर काम केलेल्यांना हे ठाऊक असेल. ३/८ व्हिटवर्थच्या नटाला १९ चा पाना लावला की नटाचे कोपरे झिजतात, पाना सटकतो आणि हाताची साले निघतात. जुनी यंत्रे, जुन्या इंग्रजी मोटारी आणि मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्यांना व्हिटवर्थचे चांगले पाने आजही हवे असतात. ज्याला तुम्ही चुकीच्या मापाचा पाना समजून किलोवर देता, तो कुणीतरी शोधत असतो.

‘मेड इन जर्मनी’ची गोष्ट

आता जर्मनी. तिथे दोन गावे ध्यानात ठेवा: झोलिंगेन आणि रेमशाईड. झोलिंगेन सुऱ्या, कात्र्या, वस्तऱ्यांचे; रेमशाईड आणि शेजारचे वुपरटाल पाने, पकडी, कानशींचे.

१८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. जर्मनीचेच यंत्रशास्त्रज्ञ फ्रांत्स रॉयलो यांनी तिथून मायदेशी लिहिले की आपला माल स्वस्त आहे आणि वाईट आहे. त्याच काळात काही जर्मन कारखानदार आपल्या सुऱ्या-कात्र्यांवर शेफिल्डचे नाव ठोकून विकत होते. शेफिल्डवाल्यांनी ओरड केली आणि १८८७ साली ब्रिटनने कायदा केला की परदेशी मालावर त्याच्या देशाचे नाव हवे. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का असा जन्मला. गिऱ्हाइकाने सावध व्हावे यासाठी. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. जर्मन कारागिरांनी शिक्का लपवण्यात वेळ घालवला नाही, माल सुधारला. काही दशकांत तोच शिक्का पाहून लोक दोन पैसे जास्त देऊ लागले. झोलिंगेनच्या नावाला तर १९३८ साली खास कायद्याने संरक्षण मिळाले. दुसऱ्याचे नाव लावून धंदा चालतो, पण नाव होत नाही, याचे हे लोखंडात लिहिलेले उदाहरण आहे.

जर्मन हत्यारांचा काळ ओळखणे तुलनेने सोपे आहे. ‘डी. आर. पी.’ ही अक्षरे जर्मन साम्राज्याच्या पेटंटची आणि ‘डी. आर. जी. एम.’ ही नोंदणीकृत नमुन्याची. पहिली पद्धत १८७७ पासून, दुसरी १८९१ पासून. दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थांबल्या. म्हणून ही अक्षरे असलेले हत्यार साधारणपणे १९४५ च्या आधीचे. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० या काळातले. ‘जी. डी. आर.’ म्हणजे त्याच काळातली पूर्व जर्मनी. तिथल्या श्माल्काल्डन गावची हत्यारे ‘स्माल्काल्डा’ नावाने विकली जात. दुतोंडी पान्यावर ‘डी. आय. एन. ८९५’ असेल तर ते जुने जर्मन मानक, पुढे त्याची जागा ३११० या क्रमांकाने घेतली. ‘क्रोम व्हॅनेडियम’ म्हणजे मिश्र पोलाद. असा पाना बारीक अंगाचा असूनही वाकत नाही.

नावांपैकी स्टालविले (१८६२), हात्सेट (१८६८), क्निपेक्स (१८८२) आणि गेडोर (१९१९) ही आखातातून आलेल्या पेट्यांत विशेष पाहावी. गेडोर हे नाव ‘डोविडाट बंधू, रेमशाईड’ या जर्मन शब्दांच्या पहिल्या अक्षरांचे. मात्र गेडोर नावाचे पाने भारतातही बनत. त्यावर भारताचे नाव असते. म्हणून केवळ कंपनीचे नाव वाचून थांबू नका, देशाचे नावही शोधा.

स्वीडनचा मासा, फ्रान्सचा सिंह

ज्याला आपण स्क्रू पाना म्हणतो, तो बोटाने चाक फिरवून तोंड लहान-मोठे करायचा पाना, आज दिसतो त्या रूपात स्वीडनच्या एनशॉपिंग गावच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ साली आणला. त्याआधी १८८८ साली त्यांनी पाईप पाना केला होता. त्यांची हत्यारे ‘बाको’ या नावाने जगभर गेली. हा पाना वापरताना जोर नेहमी स्थिर जबड्यावर यावा अशा दिशेने ओढा. हलत्या जबड्यावर जोर आला की पाना लवकर सैल होतो. स्वीडिश करवतीवर गळाला लागलेला मासा दिसला तर ती सँडविकची, आणि पटाशीवर शार्क मासा असेल तर ती एस्किल्स्टुनाच्या बर्ग यांची. दोन्ही खुणांचे पोलाद सुतारांना फार आवडते. आपल्या नाशिकच्या टपारिया कंपनीनेही १९६९ साली स्वीडिश सहकार्यानेच पकडी आणि पाने बनवायला सुरुवात केली, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

फ्रेंच हत्यारावर सिंह दिसला तर चमकू नका. मोटारींसाठी प्रसिद्ध असलेले प्यूजो घराणे आधी करवती बनवत असे, आणि त्यांची सिंहाची खूण १८५८ साली नोंदवली गेली. करवतीचे दात सिंहाच्या दातांसारखे बळकट, असा तिचा अर्थ.

खूण खरी की खोटी

जे नाव चालते त्याची नक्कलही होते. म्हणून खुणेबरोबर हत्यारालाही बोलू द्या. जुन्या पान्याचा शिक्का मुलामा चढवण्याआधी ठोकलेला असतो, त्यामुळे अक्षराच्या खाचेतही मुलामा असतो. खाचेत उघडे लोखंड आणि कडेला ताजी उचललेली धार दिसली तर अक्षरे नंतर ठोकली आहेत असा संशय घ्या. स्पेलिंग तपासा. ‘जर्मन स्टील’, ‘जर्मन टाइप’ हे शब्द ‘मेड इन जर्मनी’ नव्हेत. पान्याचे तोंड मापाच्या नटावर बसवून पाहा; चांगला पाना हलत नाही. पकड मिटवून उजेडासमोर धरा. जबड्यांतून उजेड दिसू नये. रंध्याचे पाते आणि अंग वेगवेगळ्या नावाचे असेल तर त्यात लबाडी असेलच असे नाही, पाते झिजले की बदलतातच. पण विकताना ते सांगितले पाहिजे. मालातला ऐब दाखवून विकायचा, ही आपल्या घरात लहानपणापासून शिकवलेली गोष्ट आहे. ती जुन्या पान्यालाही लागू आहे.

काय ठेवावे, कोणाला द्यावे

सगळे काही मौल्यवान नसते. बहुतेक जुन्या हत्यारांची किंमत ती वापरणाऱ्याच्या हातात असते. वापरायला काढताना मात्र तपासा: छिन्नीचे डोके घाव खाऊन छत्रीसारखे पसरले असेल तर त्या कडा उडतात, डोळ्याला इजा होते, त्या घासून काढल्याशिवाय घाव घालू नका. मूठ नसलेली कानस वापरू नका. पान्याचा मुलामा सुटला असेल तर त्याची पापुद्री ब्लेडसारखी कापते. जुन्या पकडीच्या मुठीवरचे रबर विजेच्या कामासाठी भरवशाचे नाही.

एक वही करा. प्रत्येक हत्याराला क्रमांक द्या. त्यापुढे नाव, देश, माप, अवस्था आणि ते घरात कसे आले ते लिहा. शेवटची माहिती पुस्तकात मिळत नाही. ती अम्मींना, थोरल्या चाचांना, अब्बांबरोबर काम केलेल्या एखाद्या मिस्त्रींना विचारावी लागते, आणि ती माणसे आहेत तोवरच विचारता येते. शेफिल्डमध्ये केन हॉली नावाचे हत्यारांचे दुकानदार होते. कारखाने बंद पडू लागले तसे ते हजारो हत्यारे गोळा करत गेले. केवळ तयार माल नव्हे, तर अर्धवट घडलेले तुकडे आणि जुन्या मालाच्या यादीही त्यांनी जपल्या, म्हणजे वस्तू कशी बनत होती तेही कळावे. आज तो संग्रह शेफिल्डच्या केल्हम आयलंड संग्रहालयात आहे. एका दुकानदाराने केलेले हे काम आहे. आपल्याला तर एकाच पेटीची वही करायची आहे.

आणखी दोन गोष्टी आम्हाला सांगितल्याच पाहिजेत. पहिली: मरहूम माणसाची पेटी ही त्याच्या तरक्याचाच भाग आहे. ‘लोखंड तर आहे’ म्हणून एका भावाने ती विकून टाकणे बरोबर नाही. बहिणींचाही त्यात हिस्सा आहे. पेटीत काय आहे ते वहीमुळे सर्वांना कळते, आणि मग सगळे वारस राजीखुशीने ठरवू शकतात की हत्यारे विकायची, वाटून घ्यायची, की शिकणाऱ्या मुलाकडे द्यायची.

दुसरी: एखाद्या पान्यावर रेल्वेची, गिरणीची किंवा दुसऱ्या माणसाची आद्याक्षरे ठोकलेली आढळतात. जुन्या सरकारी विक्रीत रीतसर घेतलेलेही असू शकते, पण एकदा विचारून घ्या. ज्या मिस्त्रींकडून मागून आणलेला पाना परत करायचा राहून गेला असेल, त्यांच्या मुलांच्या घरी तो पोहोचवा. मरहूम वडिलांवरची अमानत उतरवण्याचा याहून सोपा प्रसंग क्वचितच मिळतो.

इंग्रजी लाकडी रंध्यांच्या टोकावर कधी कधी तीन-चार नावे एकाखाली एक ठोकलेली दिसतात. एक बनवणाऱ्याचे असते, बाकीची ज्यांनी तो क्रमाने वापरला त्या सुतारांची. प्रत्येकाने आधीच्याचे नाव न पुसता खाली आपले ठोकले. तुमच्या पेटीतला रंधा पाहा. नावाखाली जागा उरली असेल, आणि घरात काम शिकणारे पोर असेल, तर आधी त्याला पात्याला धार लावायला शिकवा.